२०२०चा मार्च ते जून : नाशिककरांनो, तुमचे अनुभव लिहा

परवा माळा आवरताना कापडी मास्कची एक पिशवी सापडली. सासूबाईंच्या जुन्या सुती साडीचे, हातशिलाईचे, मागे नाडी बांधायचे मास्क. मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. "हे कशाला शिवले होते गं?" असं तिनं विचारलं आणि मी सांगायला बसले. कोरोनाच्या त्या दिवसांच्या तारखा भराभर आठवल्या. २२ मार्चचा रविवार, जनता कर्फ्यू, संध्याकाळी पाचला गॅलरीत थाळ्या. २५ मार्चला गुढीपाडवा आणि त्याच दिवसापासून देशभर टाळेबंदी. २९ मार्चला लासलगाव भागात जिल्ह्यातला पहिला रुग्ण, ६ एप्रिलला गोविंदनगरला शहरातला पहिला. दोन दिवसांत मालेगाव. माणसं आठवायला मात्र वेळ लागला. कुणी काय केलं, मी कुणाला काय बोलले, हे पुसट होत चाललंय. ते पुसून जाऊ नये असं मला फार मनापासून वाटतं.

म्हणून हे आमंत्रण. टीव्हीवर दिसलं ते नको. आपण सगळेच घाबरलेलो असताना एकमेकांशी कसे वागलो, तेवढं लिहा. चांगलं असो, वाईट असो. फक्त माणसांची, दवाखान्यांची, कंपन्यांची, सोसायट्यांची नावं घालू नका.

सुरुवात मी करते.

इंदिरानगर, शिक्षिका

पाडव्याला साखरेची गाठी मिळाली नाही. खालच्या कडुनिंबाची डहाळी आणि घरातलाच एक खण लावून गुढी उभारली. दुधाच्या पिशव्या साबणानं धुऊन गॅलरीत ओळीनं ठेवायचो, भाजी मीठ-सोड्याच्या पाण्यात बुडवायचो, नोटांवर इस्त्री फिरवायचो. कुणालाही फोन लावला की आधी कोरोनाच्या सूचनेतला तो खोकला ऐकू यायचा.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सासऱ्यांची रक्तदाबाची गोळी संपली. आमच्या भागात कुठेच मिळेना, म्हणून गोळे कॉलनीतल्या औषधबाजारात निघाले. मुंबई नाक्यावर हवालदारांनी गाडी अडवली. त्यांच्या हातात काठी होती आणि दोन दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर काठ्यांचेच व्हिडिओ फिरत होते, त्यामुळे माझे हात थरथरत होते. मी गोळीची रिकामी स्ट्रिप दाखवली. त्यांनी ती उलटी करून नीट वाचली आणि म्हणाले, "ताई, माझ्या आईला हीच गोळी आहे. ड्युटी सोडून जाता येत नाही. मिळाली तर एक पाकीट माझ्यासाठी आणाल?" मिळाली. परत येताना मी पाकीट बॅरिकेडवर ठेवून मागे सरले, त्यांनी पैसे ठेवले आणि तेही मागे सरले. नाव विचारायचं राहून गेलं.

निफाड तालुका, द्राक्ष बागायतदार

माझी अडीच एकर थॉमसन. मार्चच्या मध्यात परप्रांतातल्या व्यापाऱ्यानं बाग बघितली, सौदा ठरला, २४ तारखेपासून खुडा करायचा होता. २३ला राज्यात संचारबंदी लागली, २४ला रात्री आठचं भाषण झालं. त्यानंतर त्या माणसाचा फोन कधी लागलाच नाही. त्याला तरी काय बोलणार, तोही कुठे तरी अडकला असेल.

ज्यांनी बाग केली नाही त्यांच्यासाठी सांगतो. कांदा चाळीत थांबतो, द्राक्ष थांबत नाही. आठ दिवसांत मणी मऊ पडायला लागले, घडांना पाणी सुटलं, बागेत मधमाश्यांचा नुसता आवाज. बरं, माल आहे तसा वेलीवर सोडूनही चालत नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी करावी लागते. ती लांबली की काडी वेळेत पिकत नाही आणि पुढच्या वर्षाचंही पीक जातं. म्हणजे हे वर्ष तर गेलंच, वर पुढचं वाचवायला माल उतरवायचा.

माझ्याकडे सुरगाण्याकडचे चौदा मजूर होते, बायामाणसं आणि दोन पोरं धरून. दरवर्षी तेच येतात, बागेतल्या शेडमध्ये राहतात. एसटी बंद. त्यांना घरची ओढ, पण जाणार कसे? इकडे गावानं रस्त्यावर बाभळीच्या फांद्या आणि ट्रॅक्टरची ट्रॉली आडवी लावलेली. चार जण बांधावर येऊन सांगून गेले, बाहेरची माणसं काढून दे. मी म्हटलं, ती गावात येणार नाहीत, त्यांचा किराणा मी आणीन, काही झालं तर पहिला मी जाईन दवाखान्यात. त्यातल्या दोघांनी पुढं वर्षभर माझ्याशी बोलणं सोडलं होतं.

मग आम्ही बेदाणा करायचं ठरवलं. बेदाण्याची शेडं सगळीकडे भरलेली, जागा मिळेना. शेवटी पडीक तुकड्यावर ताडपत्री, वर बांबू, आणि सावलीला घरातल्या जुन्या साड्या. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात घड बुडवायचे, निथळायचे आणि पसरायचे. चार किलो द्राक्षाचा जेमतेम किलोभर बेदाणा होतो. माझ्या आईनं आयुष्यात हे काम केलं नव्हतं. ती आणि मजुरांमधली एक म्हातारी अशा दोघी दिवसभर कुजके मणी वेचत बसायच्या, मध्ये दोन हात अंतर ठेवून.

उरलेला माल पिकअपमध्ये भरून शहरात आणला. दहा रुपये किलो असं ओरडताना घसा कोरडा पडायचा. गंगापूर रोडला एका सोसायटीत एक आजी मास्कच्या आतून म्हणाल्या, "दहानं नको, तुझा खर्च किती आला ते सांग." मला सांगता येईना. त्यांनी पाच किलो घेऊन अडीचशे रुपये ठेवले आणि बाकीच्यांनाही तसंच द्यायला लावलं. त्या दिवशी सतरा कॅरेट तिथंच संपली.

मजुरांना मी निम्मे पैसे आणि बाकी धान्य, बेदाणा दिला. मेमध्ये पास मिळाल्यावर पिकअपनं पोचवून आलो. ऑक्टोबर छाटणीला तेच चौदा जण परत आले, तेव्हा राहिलेले पैसे चुकते केले.

जुने नाशिक, फळविक्रेता

वरच्या भाऊंची द्राक्षं माझ्या हातगाडीवरही आली असतील. मार्केटला त्या दिवसांत लोक कॅरेट कसेही सोडून जायचे.

मला एवढंच लिहायचंय की एप्रिलमध्ये दिल्लीच्या तबलिगी मेळाव्याच्या त्या बातम्या सुरू झाल्या आणि लोक भाव विचारायच्या आधी नाव विचारायला लागले. मी खरं नाव सांगायचो. एकानं तराजूत टाकलेली द्राक्षं पुन्हा उचलून गाडीवर ठेवली, एकेक घड, अगदी हळू. शिवी दिली असती तर इतकं लागलं नसतं.

त्याच गल्लीत तिसऱ्या मजल्यावरच्या एक बाई दोरीनं पिशवी खाली सोडायच्या. त्या दिवशी त्यांनी वरून मुद्दाम मोठ्यानं, माझं नाव घेऊन हाक मारली, "आज काय आणलंय? दोन किलो दे, आणि शेजारच्यांचेही दोन." मग रोज तशीच हाक. आठवड्याभरात गल्लीतल्या चार पिशव्या खाली यायला लागल्या.

सिडको, परिचारिका

सात दिवस ड्युटी, मग सात दिवस वेगळं राहणं, असं आमचं चक्र होतं. पीपीई किट एकदा चढवलं की सहा तास पाणी नाही, बाथरूम नाही. गॉगलवर वाफ धरायची, शीर शोधताना बोटानंच चाचपायचं. सगळे सारखेच दिसायचे म्हणून पाठीवर मार्करनं नाव लिहायचो. एक आजोबा मला 'पाठीवरची ताई' म्हणायचे. सुरुवातीला स्वॅब पुण्याला जायचे, नंतर धुळ्याला. रिपोर्ट येईपर्यंत ते रोज विचारायचे, "माझं पुण्याहून पत्र आलं का?" आलं ते निगेटिव्ह आलं, आणि सगळ्या वॉर्डानं टाळ्या वाजवल्या.

२२ मार्चला मी भाड्याच्या खोलीच्या दारात उभी होते. घरमालकीण काकू माझ्याकडे बघत थाळी वाजवत होत्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खोटं नव्हतं, आजही मी तसंच मानते. वीस दिवसांनी त्याच काकू दाराआडून म्हणाल्या, "बाळा, आमच्याकडे लहान नातू आहे गं. तू दुसरीकडे बघ." मी रात्रपाळी करून आले होते. दुसरीकडे म्हणजे कुठे, ते त्यांनाही माहीत नव्हतं. बॅग भरून जिन्यात बसले आणि आमच्या वॉर्डातल्या मावशींना फोन केला. सफाईचं काम करतात, सातपूरला दोन खोल्या, घरात पाच माणसं.

रात्री त्यांच्याकडे पोचले. त्यांच्या सासूबाईंनी मला उंबऱ्याबाहेर थांबवलं. मनात आलं, इथंही तेच. तर त्या आतून भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन आल्या, माझ्यावरून ओवाळून टाकलं आणि म्हणाल्या, "हं, आता ये आत." तीन महिने राहिले. माझ्यासाठी मोरीजवळ एक दोरी वेगळी बांधली होती, कपडे वाळत घालायला, एवढंच काय ते अंतर.

काकूंनी पुढं दिवाळीला फराळाचा डबा पाठवला. मी घेतला. पण त्या गल्लीतून अजून माझं पाऊल पडत नाही.

नाशिक रोड, तेव्हा दहावीत

२१ मार्चला इतिहासाचा पेपर दिला. २३ला भूगोलाचा होता, तो आधी पुढे ढकलला आणि १२ एप्रिलला रद्द झाल्याचं जाहीर झालं. बाकीच्या विषयांच्या सरासरीनं गुण मिळाले. मित्रांना आनंद झाला, मला रडू आलं, कारण भूगोल माझा सगळ्यात आवडता विषय आणि तयारी पूर्ण झालेली. आमच्या पुस्तकात भारत आणि ब्राझील यांची तुलना होती.

आजी म्हणाली, मग माझी परीक्षा घे. रोज रात्री दूरदर्शनवरचं रामायण संपलं की मी तिला ब्राझील शिकवायचो. अ‍ॅमेझॉनचं खोरं, अजस्र कडा, कॉफीचे मळे. तिला 'पंपास' शब्द फार आवडायचा. जूनपर्यंत तिला ब्राझीलचा नकाशा हातानं काढता यायला लागला. तो कागद मी जपून ठेवलाय.

पाथर्डी फाटा, गृहिणी

मुंबई-आग्रा महामार्ग आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. मार्चच्या शेवटी पहिले लोक दिसले, मग मे महिन्याच्या उन्हात रांगच लागली. भिवंडी, कल्याण, ठाण्याकडून निघालेले, कसारा घाट चढून आलेले. डोक्यावर बोचकी, बादलीत भांडी, कडेवर पोरं. काही सायकलवर, काही मुंबईच्या रिक्षांमधून थेट उत्तर प्रदेशाकडे निघालेले.

आमच्या कॉलनीत ठरलं की प्रत्येक घरानं दहा पोळ्या आणि बटाट्याची कोरडी भाजी द्यायची. पहिल्या दिवशी सव्वाशे पोळ्या झाल्या, पाचव्या दिवशी नऊशे. पण तिसऱ्या दिवशीच कळलं की लोकांना जेवणापेक्षा चपला हव्यात. जेवण वाटेत मिळत होतं. चपला मात्र कुणाच्या लक्षात आल्या नव्हत्या. एक सहा-सात वर्षांची मुलगी बापाच्या चपला पायाला सुतळीनं बांधून चालत होती, चपलेचा मागचा भाग तिच्या टाचेच्या वीतभर मागे. मी घरी आले आणि चप्पलस्टँड रिकामं केलं. मग दारोदार गोणी फिरवली. मापं लावून जोड्या सुतळीनं बांधून ठेवायचो, लहान मुलांच्या एका बाजूला. सगळ्यात आधी लहान मुलांच्याच संपायच्या.

एका प्लास्टरच्या कारागिराला फुकट घ्यायला फार संकोच वाटत होता. खिशातली दहाची नोट काढून देऊ लागला. मी घेतली नाही. तासाभरानं बघते तर निघण्याआधी त्यानं झाडाखालची सगळी जागा झाडून काढली होती, पत्रावळ्या गोळा करून एका कोपऱ्यात रचल्या होत्या.

वाटेत अडवून निवारा केंद्रांत ठेवलेल्या लोकांपैकी काहींना १ मेच्या रात्री नाशिक रोडहून भोपाळची श्रमिक रेल्वे मिळाली, दुसऱ्या दिवशी लखनौची. १ मेला महाराष्ट्र दिन होता. आमच्या कॉलनीतून त्यांच्यासाठी दशम्या गेल्या, प्रवासात टिकाव्यात म्हणून दुधातल्या.

अंबड, कंपनीत कामगार

आम्ही ठेकेदाराकडचे. मार्चचा पगार अर्धा मिळाला, एप्रिलचा नाहीच. शिवभोजन थाळी पाच रुपयांना झाली होती, तिच्यावर दिवस काढले, पण मुलांना किती दिवस तेच. शेवटी रात्री मोटारसायकलवर बायकोला आणि दोन पोरांना घेऊन साक्री तालुक्यातलं गाव गाठलं. वेशीवर काटेरी झुडपं. ज्यांच्याबरोबर लहानपणी विट्टीदांडू खेळलो ते म्हणाले, "आत येऊ नको." चौदा दिवस झेडपीच्या शाळेत, माझ्याच चौथीच्या वर्गात राहिलो. आई रोज भाकरी शाळेच्या कंपाउंडवर ठेवून चिंचेखाली जाऊन उभी राहायची. आम्ही खाऊन होईपर्यंत हलायची नाही. मला तेव्हा गावाचा राग आला होता. आता नाही. गावात म्हातारी माणसं आणि दवाखाना पंचवीस किलोमीटरवर.

पंचवटी, पौरोहित्य

रामनवमी २ एप्रिलला बंद दारांआड झाली. ४ एप्रिलला कामदा एकादशी, काळारामाचा रथोत्सव. रथ निघाला नाही. ज्या रस्त्यावर दोर ओढायला माणसांची रेटारेटी असते तिथं संध्याकाळी एक कुत्रं आडवं झोपलेलं मी पाहिलं. घराघरांतून लोकांनी दारात दिवे लावले होते.

रामकुंडाबद्दल लिहायलाच हवं. अस्थी घेऊन कुठून कुठून लोक इथं येतात. त्या काळात फोन यायचे, "गुरुजी, बाबा गेले, यायला पास नाही, काय करू?" अंत्यविधीलाच वीस माणसांची मर्यादा, तिथं प्रवासाचं काय. मी सांगायचो, कलश स्वच्छ कापडात बांधून उंचावर ठेवा, रोज दिवा लावा, घाई करू नका. दहाव्याचे विधी मी मोबाईलवर सांगितले. पलीकडे ताटात भाताचे पिंड, मुलगा एकटा बसलेला, मागे कुकरची शिट्टी. मला सवय नव्हती, माझाच आवाज भरून यायचा.

त्या वेळी पाणी इतकं नितळ झालं होतं की कुंडाच्या खालच्या पायऱ्यांचे दगड दिसायचे. जूनमध्ये मुंबईहून एक गृहस्थ आले. हातात तीन कलश. मी विचारलं, घरात तिघं गेले का हो? म्हणाले, "एक माझी आई. बाकीचे दोन आमच्या चाळीतल्यांचे, त्यांना पास मिळाला नाही." प्रत्येक कलशावर कागद चिकटवून नाव-गोत्र लिहिलेलं, एकावर गोत्राच्या जागी 'माहीत नाही'. मी तिन्ही संकल्प वेगवेगळे केले. दक्षिणा घेतली नाही.

मालेगाव

यंत्रमागाचा खडखडाट आमच्याकडे रात्रीही थांबत नाही. तो थांबला आणि आमच्या अब्बांना झोप लागेना. एप्रिल-मेमध्ये आमचं गाव रोज बातम्यांत. मेमध्ये भावजयीचे दिवस भरले, गुंतागुंत होती, म्हणून नाशकाला नेलं. दोन ठिकाणी कागदावर पत्ता वाचला आणि बेड नाही म्हणाले. तिसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरीणबाईंनी पत्ता वाचलाच नाही, आधी नाडी धरली. पुतणी आता शाळेत जाते.

गंगापूर रोड, सोसायटीचा तेव्हाचा सेक्रेटरी

परिचारिका ताईंचं वाचून दोन दिवस विचार केला, मग लिहायला बसलो. आमच्या गेटवर मार्चमध्ये नोटीस लागली : 'घरकाम करणाऱ्या महिलांना पुढील सूचनेपर्यंत प्रवेश नाही.' ती मी टाइप केली, सही माझी. अकरा बायका कामाला यायच्या. त्यांना पगार द्यायचा की नाही, याबद्दल नोटिशीत एक ओळ नव्हती. मला सुचलीही नाही. कुणी दिला, कुणी नाही दिला. आम्ही एप्रिलचा दिला, मेचा दिला नाही.

जूनमध्ये गेट उघडलं तेव्हा डॉक्टरांचा दाखला आणा अशी अट घातली. आमच्याकडे नऊ वर्षं काम केलेल्या बाई आल्या, वॉचमनशी बोलल्या आणि परत गेल्या. पुन्हा आल्या नाहीत. त्यांनी पुढच्या चौकात भाजीचं दुकान मांडलं. आम्ही तिथूनच भाजी घ्यायला लागलो. त्या नेहमीसारखं बोलायच्या, कोथिंबिरीची काडी वर टाकायच्या, आणि मी दर वेळी आज सांगू, उद्या सांगू करत परत यायचो.

गेल्या दिवाळीत सांगितलं. म्हटलं, "ती नोटीस मी काढली होती. चुकलं माझं. तुमचे मेचे पैसेही राहिलेत." पाकीट पुढं केलं. त्या जरा वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "साहेब, नोटीस मला कुठं वाचता येती? वॉचमननं हात आडवा धरला, तेवढं कळलं." पाकीट घेतलं, मोजलं नाही, गल्ल्याखाली ठेवलं आणि मेथीची जुडी माझ्या पिशवीत टाकून तिचे वीस रुपये मागितले.